हँडब्रेकचे तीन खटके

कोचकोर, ११ मे २००८

शार्शेन,

पत्र खुशालीनं सुरू करायचं असतं. पण दोन वर्षांत तू आपल्या एजेची, थोरल्या बहिणीची, खुशाली एकदाही विचारली नाहीस, तेव्हा मीही तुझी विचारत नाही. माझा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. म्हणून हे पत्र शेजारच्या गुल्सूनकडे देते आहे. ती नवऱ्याकडे रशियात येकातेरिनबुर्गला निघाली आहे. तिला बजावलंय, तुझ्या गॅरेजात जायचं आणि पत्र तुझ्या हातात पडल्याशिवाय हलायचं नाही.

आता कामाचं. मी आपल्या झिगुली गाडीचे मागचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवणार आहे. सल्ला मागत नाही, कळवते आहे.

माझा नवरा तुर्दुबेक, तुझा जेझदे, त्याचा डावा पाय निकामी झाल्यापासून गाडी मीच चालवते, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. कोचकोर ते नारिन, मध्ये दोलोनचा घाट, आठवड्यातून पाच फेऱ्या. पहिल्या महिन्यात नारिनच्या स्टँडवर एकानं मागची सीट पकडून विचारलं होतं, "एजे, ड्रायव्हर कुठं गेला?" मी म्हटलं, "पुढं बसलाय, डोक्याला रुमाल बांधून." आता त्याच स्टँडवर बाया चार गाड्या सोडून माझी वाट बघत उभ्या राहतात. म्हणतात, उल्कान-एजेच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही. ही शेखी नाही. जाऊन विचार.

पण गेल्या सप्टेंबरात चार माणसं आणि बटाट्याची सहा पोती घेऊन दोलोन उतरताना पायाखालचं पेडल लोण्यासारखं मऊ झालं. ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला. खाली सपाटीवर येईपर्यंत मी गिअरवर गाडी आवरली आणि कुणाला कळूही दिलं नाही. मागं बसलेली म्हातारी शेवटपर्यंत सुनेच्या कागाळ्या सांगत होती. त्या दिवशी ठरवलं, ड्रम नकोत.

शिवाय हिवाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरून गोठतं, लायनर चिकटून बसतात, म्हणून आपल्याकडे कुणी हँडब्रेक ओढत नाही. चाकामागं दगड लावतात. मी तर उन्हाळ्यातही ओढत नाही. तुझ्या हातच्या त्या दांड्याला मी दोन वर्षांत बोटसुद्धा लावलेलं नाही. का, ते तुला माहीत आहे.

एकच विचारायचं होतं. एक्सलमधून चाकाचा दांडा बाहेर काढायला तू काय युक्ती करायचास? मला आठवतेय, तरी विचारते.

तुझी एजे,
उल्कान


कोचकोर, २ जून

शार्शेन,

उत्तर नाही. नसू दे. युक्ती मला आठवलीच. ड्रम उलटा करायचा, लांब बोल्ट घालून सैल अडकवायचा, आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर हिसका द्यायचा. तू हे काम करताना मी दारात उभी राहून सूप ढवळायचे, तेवढ्यात बघून ठेवलं होतं. तुला वाटायचं, एजेला फक्त नूडल्स लाटता येतात.

उजव्या बाजूनं सुरुवात केली. ड्रम गंजून बसला होता. हातोडीनं ठोकून ठोकून खांदा भरून आला. मग एकदाचा निघाला. निघाल्यावर मी आत बघत जमिनीवरच बसून राहिले. तुर्दुबेक काठी टेकत चहा घेऊन आला. मी म्हटलं, "ठेव तिथं आणि आत जा." तो गेला. मग मी डावा ड्रमही काढला.

त्यानंतर दांडा काढायला तीन-चार हिसके लागतात असं तू म्हणायचास. माझा पहिल्याच हिसक्यात बाहेर आला, आणि मी त्याला कवटाळून उताणी कोंबड्यांत पडले. रागात अंगात ताकद येते, ते खोटं नाही. राग कुणावरचा ते या पत्रात लिहीत नाही.

बाकी काम झकास चाललंय. भंगारात पडलेल्या एका 'आठ' नंबरच्या लाडा गाडीची पुढची कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारे चिमटे, आणि डिस्क मिळाल्या. एशिम आके लेथवर अजून उभे राहतात, शहात्तर झाले तरी. जुन्या कोल्होझच्या, सामुदायिक शेतीच्या, ट्रॅक्टर-शेडमध्ये त्यांचं लेथही त्यांच्याइतकंच जुनं आहे. त्यांनी डिस्कचं मधलं भोक मोठं करून दिलं आणि जाड पोलादाच्या दोन पाट्या कापून दिल्या. कॅलिपर त्या पाटीवर आणि पाटी एक्सलवर. मी मापं घेऊन गेले होते, कागदावर, पूर्णांकात नव्हे, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. तीच मापं या पत्राच्या मागं उतरवली आहेत, बघ.

आकेंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "माप कुणी घेतलं?"

"मी."

"नवऱ्यानं नाही?"

"आके, त्याला स्वतःच्या टोपीचं माप माहीत नाही."

"मग बरोबर असणार," ते म्हणाले आणि लेथ चालू केलं. पाटी पहिल्या फटक्यात बसली, शार्शेन. चारही भोकं. कानस लावावी लागली नाही. मी अंगणात उभी राहून ती पाटी चारदा काढली आणि चारदा बसवली. उगीचच, बरं वाटत होतं म्हणून.

उल्कान


कोचकोर, २९ जून

शार्शेन,

गुल्सूनचा निरोप आला की तिच्यामार्फत पाठवलेली पत्रं तू घेतलीस, तिच्यासमोर फोडली नाहीस, पण खिशात घातलीस. खिशात तर खिशात.

डिस्क बसल्या. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. घरात दुसरं माणूस एकच, तुझा जेझदे. त्याचा उजवा पाय शाबूत आहे. पण मी त्याच्याशी बोलत नव्हते. महिना होत आला होता. जेवायचं ताट ठेवायचे ते पातेल्याला सांगून, की बाबा, वाढलंय. आता काय करणार? मी चाकाखाली आडवी आणि तो सीटवर.

"दाब!"

तो दाबायचा.

"धर!"

मी नळी सैल करायचे, बुडबुडे निघायचे, मी आवळायचे.

"सोड!"

चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन दिवस लागले, कारण एक नळी गळत होती. दोन दिवस आमच्या घरात हे तीनच शब्द बोलले गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो हळूच म्हणाला, "सोड ना आता." मी कप घेऊन बाहेर गेले.

मग चाचणी. जुन्या विमानपट्टीवर नेली, जिथं आता गाई बसतात. सत्तरचा वेग घेतला आणि ब्रेकवर उभी राहिले. मागची चाकं पुढच्यांआधी जाम झाली, गाडी गरकन फिरली, आणि मी ज्या दिशेनं आले होते तिकडे तोंड करून थांबले. समोर एक गाय माझ्याकडे बघत होती. मला हसू आलं.

चूक कळली. मागच्या चाकांना जाणारा जोर आवरतो तो एक्सलजवळचा झडपेचा डबा, ज्याला तुम्ही मिस्त्री लोक 'मांत्रिक' म्हणता, तो ड्रमच्या हिशेबानं लावलेला होता. डिस्कला तेवढा जोर नको. तुम्ही सगळे त्याला हात लावायला घाबरता, म्हणता मांत्रिक बिघडला तर उतारा नाही. मी त्याची दांडी जराशी वळवली, पुन्हा पट्टीवर गेले. पुन्हा वळवली, पुन्हा गेले. अकराव्या वेळी गाडी नाक खाली करून सरळ रेषेत थांबली, गाई उठल्यासुद्धा नाहीत. अकरा वेळा, शार्शेन! तूही सातव्याला कंटाळला असतास.

एशिम आके बघायला आले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकले, कॅलिपरवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "काम फक्कड झालंय. हँडब्रेक कुठाय?"

मी म्हटलं, "पुढच्या चाकांची कॅलिपर आहेत ना आके, त्यांना हँडब्रेकची सोय नसते. दगड आहे की! सगळं कोचकोर दगडावर चालतं."

तुर्दुबेक कुंपणाला टेकून उभा होता, आके त्याच्या डाव्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दगडानं एकदा भागलं नाही वाटतं तुमचं."

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. पुढचं पत्र लिहायला मला वेळ लागेल.

उल्कान


कोचकोर, १४ जुलै

शार्शेन,

आज लिहितेच. पंधरा दिवसांत चार कागद फाडले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते माझ्यासाठीच म्हटलं असावं.

त्या जानेवारीत दोलोनवर काय झालं ते आपण दोघांनी तुर्दुबेकच्या तोंडून ऐकलं. चढावर एक ट्रक अडकला होता, हा त्याच्या पुढं थांबला, मदतीला फावडं काढायला डिकीपाशी गेला, गाडी मागं घसरली आणि पाय ट्रकच्या बंपरवर चिरडला. दवाखान्यात तो म्हणाला, "हँडब्रेक ओढला होता. धरलाच नाही." आणि तो हँडब्रेक तू ऑक्टोबरात बसवला होतास. माझ्या समोर, दांडा ओढून दाखवला होतास. "एजे, तीन खटके. तीन खटक्यांत ही गाडी कुठल्याही चढावर उभी राहील. चौथा ओढायला लागला तर माझं नाव बदल."

मी तुझं नाव बदललं. तू विचारपूस करायला मेंढी घेऊन दारात आलास, आणि मी चाळीस माणसांदेखत तुला मेंढीसकट परत पाठवलं. म्हणाले, "ज्याच्या हाताला भरवसा नाही त्याची मेंढी माझ्या पातेल्यात शिजणार नाही." तू एक शब्द बोलला नाहीस. नंतर तुझ्याकडे कुणी गाडी आणेना, आणि वसंतात तू गेलास. निघताना निरोप घेतला नाहीस म्हणून मी तुला आणखी शिव्या घातल्या.

आता ऐक, मी ड्रममध्ये काय बघितलं ते. हँडब्रेकची केबल लायनरच्या लिव्हरवरून काढलेली होती आणि तिचं टोक मागच्या पत्र्याच्या बोल्टला तारेनं घट्ट बांधलेलं होतं. म्हणजे वर दांडा ओढला की खटके वाजणार, हाताला ताणही लागणार, आणि चाकाला काही होणार नाही. दोन्ही बाजूंना तसंच. तार निळी-पांढरी, पीळ दिलेली. टेलिफोन खात्यातली. आपल्या घरातल्या किटलीची मूठ त्याच तारेनं बांधलेली आहे, खुराड्याचं दारही, माझ्या चष्म्याची काडीसुद्धा. वीस वर्षं लाइनमन होता माझा नवरा, ती तार कोचकोरमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही.

शेवटी विचारलं तेव्हा तो म्हणाला, नोव्हेंबरात एका सकाळी लायनर ड्रमला चिकटले, गाडी हलेना, नारिनची माणसं दुसऱ्याच्या गाडीत गेली. म्हणून केबल काढून टाकली, सगळे दगड लावतात तसा दगड लावू म्हणून. नुसती सैल सोडली असती तर तू दांड्याला हात लावताच ओळखलं असतंस, म्हणून बांधली. त्या दिवशी दोलोनवर दगड बर्फावरून सटकला.

"मग दवाखान्यात खोटं का बोललास?"

"नर्सनं विचारलं, तोंडातून निघून गेलं. मला वाटलं नंतर सांगीन. मग तू मेंढी परत पाठवलीस." तो खाली बघत होता. "तू इतकं मोठ्यानं ओरडलीस उल्कान, की माझ्या खरं बोलण्याला जागाच उरली नाही."

खोटं त्याचं. पण ओरडणं माझं होतं. ड्रम खोलून बघायला दोन तास लागतात, आणि मी दोन वर्षं लावली. तुझा हात सच्चा होता, शार्शेन. तुझे लायनर आजही अर्धे शिल्लक आहेत, आणि लिव्हर हातानं हलवली तर लोण्यासारखी फिरते. मी चुकले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर समजून घे.

एजे


कोचकोर, २५ ऑगस्ट

शार्शेन,

तुला पत्रात सांगून मी मोकळी होणार नव्हते. नाव चारचौघांत गेलं, ते चारचौघांतच परत यायला हवं.

परवा माझ्या लेकीच्या, आयजार्किनच्या, धाकट्याचे पाय मोकळे करायचा समारंभ होता, मूल चालायला लागलं की करतात तो. माझा नातू, तुझ्या भाचीचं पोर, म्हणजे तू त्याचा आजा-मामाच. नेहमीसारखं झालं, त्याच्या घोट्यांना काळा-पांढरा दोरा बांधून अंगणात उभं केलं, बाया धावल्या, जिंकली तिनं दोरा कापला, आणि पोरगं चार पावलं टाकून लोण्याच्या ताटात बसलं. साठ माणसं होती. तेच अंगण, तोच दरवाजा.

जेवणं सुरू व्हायच्या आधी मी उजव्या बाजूचा ड्रम आणला, पत्रा, केबल, तार सगळं जसंच्या तसं, आणि पाहुण्यांच्या मध्ये, पावाच्या शेजारी ठेवला. कुणीतरी ओरडलं, "एजे, हे उकडून देणार की तळून?"

"आधी माझा नवरा वाढेल," मी म्हटलं.

तुर्दुबेक काठीवर उठला. कान लाल झाले होते. मी त्याला सांगितलं होतं, तू बोलला नाहीस तर मी बोलेन, आणि माझं बोलणं लांबतं. तो म्हणाला, "ही तार कुणाची आहे?"

मग सगळ्या बाजूंनी हसू फुटलं, कारण ज्या बाकावर ते बसले होते त्याचा पायही त्याच तारेनं बांधलेला होता.

"माझीच," तो म्हणाला. "मी बांधली. शार्शेननं बसवलेला हँडब्रेक चांगला होता, तो मी सोडवला आणि नाव त्याच्यावर ढकललं. पाय माझा माझ्या अकलेनं गेला." एवढंच बोलला आणि बसला. हसू थांबलं होतं.

मग मी उठले. म्हटलं, "याच दारातून मी माझ्या भावाला मेंढीसकट घालवलं होतं. तेव्हा तुम्ही चाळीस होता, आज साठ आहात. जे तेव्हा नव्हते त्यांनीही ऐकून ठेवा, त्या वीसांचं व्याज माझ्याकडून. शार्शेनसारखा मिस्त्री या खोऱ्यात झाला नाही."

एशिम आकेंनी तळवे उघडले आणि तुझ्यासाठी आशीर्वाद मागितला, की परमुलखात त्याच्या हाताला यश दे आणि पायाला घरची वाट दे. साठ जणांनी तोंडावरून हात फिरवले. जाताना तीन ड्रायव्हरांनी विचारलं, शार्शेन कधी येतोय, गाडी दाखवायची आहे. मी म्हटलं, मला काय माहीत, तो माझा फोन उचलत नाही.

गाडी अजून हँडब्रेकशिवायच आहे. मी मांस खाते, चहा पिते, आणि घाटात दगड लावते. लाज वाटते, पण लावते.

एजे


कोचकोर, १२ ऑक्टोबर

शार्शेन,

खोका पोचला.

गुल्सूनच्या नवऱ्यानं ट्रकमधून आणला. मी आधी चिठ्ठी शोधली. तळाशी हात घालून, कागदाचे बोळे उलगडून शोधली. नव्हती. दोन कॅलिपर होती, कुठल्याशा परदेशी गाडीच्या मागच्या चाकांची, हँडब्रेकच्या लिव्हरसकट, साफ करून, नवे रबर घालून. केबल मापात कापलेली. आणि पुठ्ठ्याचा एक नमुना, एशिम आकेंनी पाटी कशी कापायची त्याचा, माझ्या एक्सलच्या भोकांसह, माझ्याच पत्रांतल्या मापांवरून. म्हणजे खिशातली पत्रं तू बाहेर काढलीस.

पुठ्ठ्याच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "तीन खटके. चौथा लागला तर केबल आवळ."

मी तो पुठ्ठा तुर्दुबेकला वाचून दाखवला. तो म्हणाला, "पुन्हा वाच." दोन ओळींचं काय पुन्हा वाचायचं, तरी वाचलं.

पाट्या बसल्या, कॅलिपर बसली, हवा काढली. "दाब, धर, सोड" सोडून आता इतर शब्दही बोलतो आम्ही. काल दोलोनवर गेलो, दोघंच, प्रवासी घेतले नाहीत. वर थोडं बर्फ पडलं होतं. त्या वळणावर अजून दगड विखुरलेले आहेत, ड्रायव्हर लावतात आणि तिथंच टाकून जातात. तुर्दुबेक म्हणाला, "इथंच थांबव."

मी चढाला तोंड करून थांबवली, जशी त्या दिवशी होती. दांडा ओढला. एक, दोन, तीन. इंजिन बंद केलं, गिअर काढला, पाय पेडलवरून उचलला. गाडी बर्फावर उभी होती.

तेवढ्यात त्याच्या बाजूचं दार उघडलं. तो काठी टेकत मागं गेला. मला वाटलं, दगड शोधायला गेला. आरशात बघते तर हा डिकीला पाठ लावून उभा, दोन्ही पाय फाकवून, बरोबर त्या दिवशीच्या जागी.

मी ओरडले, "बाजूला हो! वेडा झालास का?"

"ओरडू नकोस," तो म्हणाला, वळूनही न बघता. "खटके किती ओढलेस?"

"तीन!"

"मग झालं तर."

बराच वेळ तो तसाच उभा राहिला. एक ट्रक खालून आला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, यानं त्याला हात केला. मी स्टिअरिंगला धरून बसले होते आणि रडत होते, आणि हे तू कुणाला सांगणार नाहीस. मग तो आत येऊन बसला, पाय हातानं उचलून आत घेतला, दार लावलं.

"घरी गेल्यावर शार्शेनला लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"लिही की मी मागं उभा होतो."

एक मेंढी दारात बांधून ठेवली आहे. साध्या दोरीनं. तू येईपर्यंत ती चरत राहील.

तुझी एजे,
उल्कान